आधी फरशी, मग फर्निचर

भोसरीत घर बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती स्क्वेअर फूट?" घर ताब्यात आल्यावर मात्र हा हिशोब तो विसरतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा फूट रुंद आणि सव्वासहा फूट लांब डबल बेड टाकला की शंभरातले साडेसदतीस चौरस फूट गेले. वर कपाट, ड्रेसिंग टेबल आणि कोपऱ्यात कपड्यांची खुर्ची. ज्या फरशीसाठी वीस-वीस वर्षे हप्ते भरायचे, तीच झाकून टाकायची आणि घरच्या माणसांनी अंग चोरून वाट काढायची, असे आपल्या बऱ्याच घरांत चालते.

आपल्या घरांत फरशीला कामेही जास्त. एका जानमाजला साधारण दोन फूट बाय चार फूट, म्हणजे आठ चौरस फूट जागा लागते. तीही कुठल्याही तोंडाने चालत नाही. भोसरीहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. सोफा हवा तसा फिरवता येतो, किब्ला फिरवता येत नाही. तीन माणसांची एक सफ आणि पुढे इमाम असे धरले तर सहा फूट बाय आठ फूट तुकडा मोकळा हवा. त्याच तुकड्यावर दस्तरखान पसरतो, मुलांचा अभ्यास होतो आणि लातूरकडून अचानक आलेल्या पाहुण्यांची अंथरुणे पडतात. फरशी दिवसातून पाच-सहा वेळा काम बदलते. सोफा दिवसभर एकच काम करतो.

मी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षे टर्नर आहे. ड्रॉइंग बघितल्याशिवाय जॉब मशीनवर चढवायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. घराला हाच नियम का लावू नये, असे मला नेहमी वाटते. म्हणून आमच्याकडे कुठलीही मोठी वस्तू येण्याआधी तिचे माप खडूने फरशीवर काढले जाते. दोन दिवस त्या रेषांच्या आत पाय ठेवायचा नाही. दोन दिवसांत कळते, कपाटाचे दार पूर्ण उघडते का, स्वयंपाकघरातून भांडे घेऊन सरळ येता येते का, रात्री अंधारात कोण कुठे अडखळेल.

आमच्या अम्मीमुळे या मापांना खरा अर्थ आला. तिचे गुडघे गेले आहेत. फॅशनमध्ये असलेले खोल, मऊ, बुटके सोफे दिसायला छान, पण त्यांत एकदा बसलेली म्हातारी माणसे दोघांनी हात धरल्याशिवाय उठत नाहीत. उठताना दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागणे हे अम्मीसारख्या बाईला गुडघेदुखीपेक्षा जास्त लागते. तिच्यासाठी साधी, कडक बैठकीची, हाताची लाकडी खुर्ची घेतली. बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच. हातांवर जोर देऊन ती स्वतः उठते, त्याच खुर्चीवर नमाज पढते. तिच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत तीन फूट रुंदीची वाट सोडली आहे. त्या वाटेवर टीपॉय नाही, पायपुसणे नाही, मुलांची सायकल नाही. फजरच्या आधी वुजूसाठी ती एकटी जाते आणि बाकी घर झोपून राहते.

गेल्या वर्षी मुलीचा निकाह ठरला तेव्हा या खडूच्या रेषांची खरी परीक्षा झाली. मुलाकडून काही मागणी नव्हती. पण मागणी नसली तरी अपेक्षा घरातच तयार असतात. माझी मोठी बहीण, आमची आपा, हिने यादीच सांगितली. डबल बेड, सोफासेट, शोकेस, ड्रेसिंग टेबल आणि ज्याला आपण सरसकट 'गोदरेज' म्हणतो ते लोखंडी कपाट. "अरे, पोरीला रिकाम्या हाताने पाठवणार का? टेम्पो दारात उभा राहतो तेव्हा सगळी गल्ली बघते," असे तिचे म्हणणे. आपाचा राग खोटा नव्हता. तिच्या स्वतःच्या निकाहात सामान कमी पडले म्हणून तिने वर्षानुवर्षे टोमणे ऐकले आहेत. तसे भाचीच्या वाट्याला येऊ नये, एवढेच तिच्या मनात होते.

होणारे जावई चाकणला नोकरीला. दिघी रोडला भाड्याची एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यांना विचारून मी आणि मुलगी टेप घेऊन गेलो. खोली दहा बाय बारा. यादीतली एकेक वस्तू खडूने काढत गेलो. बेड आणि सोफा काढून झाले, तोच दार अर्धेच उघडेल हे दिसले. शोकेस खिडकीवर येत होती. मुलगी मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उभी राहिली आणि म्हणाली, "अब्बा, इथे आम्हां दोघांना एका वेळी नमाज पढता येणार नाही. एकाने पढायची आणि दुसऱ्याने बेडवर चढून बसायचे."

त्यावर मला उत्तर नव्हते आणि जावईही मान हलवून हसले. दुसरी गोष्टही त्यांनीच काढली. घर भाड्याचे, अकरा महिन्यांचा करार. दर घर बदलताना मोठा बेड खोलायचा, हमाल, टेम्पो आणि प्रत्येक वेळी स्क्रू सैल.

शेवटी ठरले ते असे: खाली सामान ठेवता येणारा चार फुटी दिवाण, एक लोखंडी कपाट, भिंतीला लावायचा घडीचा टेबल, दोन घडीच्या खुर्च्या, दोन गाद्या, लोड आणि सोलापुरी चादरी. दिवाण बनवताना प्लायवूड तपासून घेतले. दुकानदार 'एमआर' शिक्का दाखवतात आणि आपण त्याला वॉटरप्रूफ समजतो. तो आयएस 303 मधला, दमट हवा सोसणारा प्रकार आहे, पाण्यात भिजणारा नाही. ओल येणाऱ्या जागेसाठी आयएस 710 चा शिक्का बघावा. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचे स्वस्त फर्निचर तर पोछ्याच्या पाण्यानेही खालून फुगते. कपाटही बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. दोन-तीन इंच हवा खेळली की पावसाळ्यात कपड्यांना बुरशी धरत नाही. यादीतून वाचलेली रक्कम मुलीच्या नावाने पोस्टात ठेवली.

आता घराबाहेरच्या जागेचे. मुलीच्या खोलीला लहान गॅलरी आहे. तिथे बसायला बाक मी स्वतः केला. एक इंची चौकोनी पाइप, वर लाकडी फळ्या. पाइपची तोंडे पट्टी वेल्ड करून बंद केली, कारण पाणी आत शिरले की लोखंड आतून सडते आणि वरचा रंग शाबूत दिसत राहतो. आधी रेड ऑक्साईड, मग ऑइल पेंट, पायांना रबरी बूच. फळ्या पॅकिंगच्या लाकडाच्या. मशिनरीबरोबर येणाऱ्या पेट्या आणि पॅलेट आपल्या पट्ट्यात भरपूर. चिखली-कुदळवाडीच्या ज्या शेडमध्ये असा माल मिळे, त्या भागातली हजारो बांधकामे 2025 च्या फेब्रुवारीत पाडली गेली. आमच्या फळ्या त्याआधी आणून ठेवलेल्या.

असे लाकूड घेताना त्यावरचा शिक्का वाचावा. परदेशी मालाच्या पॅलेटवर कणसासारखी खूण असते आणि शेजारी अक्षरे. 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश, किमान 30 मिनिटे. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते घरात आणू नये. तेलाचे, रसायनाचे डाग पडलेली फळी फुकट मिळाली तरी नको.

बाक कठड्याला लावू नये, भिंतीला लावावा. कठड्याजवळचा बाक म्हणजे लहान मुलाला चढायला दिलेली पायरी. आणि जिन्यातली, पॅसेजमधली जागा आपली नसते. चपलांचे स्टँड, जुना सोफा, पाण्याचे ड्रम तिथे ठेवायचे आणि एखाद्या रात्री शेजाऱ्याला स्ट्रेचरवर न्यायचे झाले की चार माणसांनी आधी ते सामान हलवायचे. घरातून जनाजाही त्याच जिन्याने उतरतो. ही वाट मोकळी ठेवणे हा शेजाऱ्याचा हक्क आहे.

रमजानमध्ये मुलीने इफ्तारला बोलावले. दहा बाय बाराच्या त्या खोलीत आम्ही अकरा जण दस्तरखानला बसलो. अम्मीसाठी खुर्ची उघडली. इफ्तारनंतर दस्तरखान गुंडाळून तिथेच दोन सफा लागल्या. आपाचे मत बदललेले नाही. एक तरी सोफा हवा होता, असे ती जाताना पुन्हा म्हणालीच. पण सगळे उठले तरी ती लोडाला टेकून भाचीशी बोलत बसली होती, आणि तिला घेऊन निघायला आम्हाला रात्रीचे अकरा वाजले.