नव्या व्हीपीएनवर विश्वास टाकण्याआधी

हैदराबादेतल्या गचिबावली, कोंडापूर भागातल्या पीजींमध्ये अख्ख्या मजल्याला एकच वाय-फाय असतं आणि राउटर मालकाच्या ताब्यात. तिथल्या पोरापोरींना व्हीपीएन घ्यावंसं वाटतं, ते रास्तच आहे. व्हीपीएन लावलं की फोनमधून निघणारं सगळं कूटबद्ध होऊन आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून पुढे. राउटरला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तेवढा सर्व्हर दिसतो. आजवर जे या दोघांना दिसत होतं, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. विश्वास ठेवावाच लागतो; आपण फक्त तो कुणावर ठेवायचा ते बदलतो. नव्या सेवेचा विचार इथून सुरू करायला हवा.

*

काय दिसतं? आज बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर आहेत. बँकेचा पासवर्ड, पत्रातला मजकूर वाटेतल्या कुणालाही वाचता येत नाही. नावं मात्र कळतात: कुठल्या स्थळावर, किती वाजता, किती वेळ. रात्री दोनला कर्ज देणारं ॲप, सकाळी रक्ततपासणीची लॅब, दुपारी नोकऱ्यांचं संकेतस्थळ. एवढ्यावरून माणसाचं काय चाललंय याचा अंदाज कुणीही बांधेल. म्हणून ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे वाक्य या धंद्यात सगळ्यात मोलाचं आहे, आणि बाहेरून तपासायला सगळ्यात अवघड.

*

हे वाक्य खरं की खोटं, ते पोलीस दारात आल्यावर कळतं.

प्युअरव्हीपीएन नोंदी ठेवत नसल्याचं सांगत असे. २०१७ मध्ये अमेरिकेत एका तरुणीचा ऑनलाइन छळ करणाऱ्याला एफबीआयने पकडलं, त्यात याच कंपनीच्या नोंदी कामी आल्या. आरोपी पकडला गेला ते चांगलंच झालं, पण दावा खोटा होता हेही त्याच दिवशी कळलं.

उलट उदाहरणं आहेत. रशियाचे राजदूत आंद्रेई कार्लोव्ह यांच्या हत्येच्या तपासात तुर्कस्तानात एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हर जप्त झाला. माग लागेल असं त्यात काही नव्हतं. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडिश पोलीस वॉरंट घेऊन मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या गोथेनबर्गच्या कचेरीत गेले आणि रिकाम्या हाताने परतले. मुलवाड खातं उघडताना ईमेलसुद्धा मागत नाही, नुसता एक आकडा देते. जे घेतलंच नाही ते देणार कुठून!

नव्या कंपनीवर अशी वेळ आलेली नसते. तिचा दोष नाही, पण आपल्या हिशेबात ती जागा रिकामीच धरावी.

*

विंडस्क्राइब या व्हीपीएन कंपनीची गोष्ट वेगळी आणि मला महत्त्वाची वाटते. २०२१ मध्ये युक्रेनमध्ये त्यांचे दोन सर्व्हर जप्त झाले. त्यांवरची डिस्क कूटबद्ध नव्हती, आत ओपनव्हीपीएनची खासगी किल्ली होती. कंपनीने स्वतःच हे जाहीर केलं, चूक मान्य केली आणि काय बदलणार तेही लिहिलं. नॉर्डव्हीपीएनच्या फिनलंडमधल्या सर्व्हरमध्ये मार्च २०१८ मध्ये घुसखोरी झाली होती. लोकांना कळलं ऑक्टोबर २०१९ मध्ये. चूक सगळ्यांकडून होते. ती किती दिवसांनी आणि कुणाच्या तोंडून कळते, यावर मी विश्वास मोजतो.

*

आपल्याकडचा नियम. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले: व्हीपीएन देणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचं कारण ५ वर्षं जपून ठेवायचं. मुदत वाढून २५ सप्टेंबर २०२२ पासून अंमल आला. तोवर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले होते. हायटेक सिटीतल्या कंपन्यांची आपापल्या कर्मचाऱ्यांसाठीची व्हीपीएन या नियमातून वगळली आहेत. व्हीपीएन वापरणं हा देशात गुन्हा नाही; बंधन सेवा देणाऱ्यावर आहे.

यातून हैदराबादच्या गिऱ्हाइकाला एक नेमका प्रश्न मिळतो. नवी सेवा यादीत ‘भारत’ दाखवत असेल तर विचारा: सर्व्हर खरंच भारतात आहे, की सिंगापूरमध्ये ठेवून फक्त पत्ता भारतीय दिलाय? भारतात असेल, तर ५ वर्षांचा नियम आणि ‘नोंदी नाहीत’ हे दोन्ही एकदम कसं पाळता? जिला हा प्रश्नच कळत नाही ती सेवा सोडून द्यावी.

*

जानेवारी २०२५ मध्ये सरकारी आदेशानंतर काही व्हीपीएन ॲप भारतातल्या ॲपल-गूगलच्या दुकानांतून गेली. त्यांत क्लाउडफ्लेअरचंही होतं. दुकानातून गेलेलं ॲप टेलिग्रामवरच्या एपीके फाइलमधून घेऊ नये. ती फाइल कुणी बांधली ते कळायला मार्ग नसतो.

*

फुकटची व्हीपीएन. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओच्या संशोधकांनी इतरांबरोबर २०१६ मध्ये २८३ अँड्रॉइड व्हीपीएन ॲप तपासली. १८ टक्के ॲप वाहतूक कूटबद्धच करत नव्हती. ३८ टक्क्यांत घातक सॉफ्टवेअरच्या खुणा होत्या.

फेसबुकचं ओनावो हे व्हीपीएन लोक संरक्षण म्हणून लावत. त्यातून फेसबुकला कळे की कुठलं ॲप किती चालतंय. मे २०२४ मध्ये अमेरिकेने ‘९११ एस५’ हे जाळं मोडलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशी फुकट व्हीपीएन लावलेल्यांच्या संगणकांतून परके गुन्हेगार आपली वाहतूक नेत होते. असे १ कोटी ९० लाख आयपी पत्ते त्यात सापडले. निरपराध माणसाच्या घरचा पत्ता गुन्ह्यावर उमटतो. पैसे कुठून येतात हे न सांगणाऱ्या नव्या सेवेला म्हणूनच माझा ठाम नकार.

*

टोलीचौकी, मेहदीपट्टणमच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी दुबई-शारजाला आहे. तिथे व्हॉट्सॲपवरून बोलणं बंद, म्हणून मिळेल ते व्हीपीएन उतरवलं जातं. अमिरातींच्या २०२१ च्या कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा दडवण्यासाठी आयपी पत्ता लपवला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. घरच्यांशी बोलायला तिथे परवानगी असलेलं बोटिम वापरा, हेच मी सांगतो. मजुरी करणाऱ्या माणसाला अनोळखी ॲपच्या भरवशावर ठेवू नये.

*

व्हीपीएन कुठे संपतं: ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबाद पोलीस रस्त्यात लोकांना थांबवून त्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘गांजा’ हा शब्द शोधत होते. हातातला फोन उघडला गेला की कुठलंही व्हीपीएन उपयोगाचं नाही. तिथे आधार खासगीपणाला मूलभूत हक्क मानणाऱ्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा, आणि कारण विचारण्याच्या धैर्याचा.

*

भाचीचा फोन: “मामा, नवी सर्व्हिस आहे. दोन वर्षांचे एकदम भरले तर फार स्वस्त पडते. घेऊ का?”

तिला सांगितलं ते असं. मालक कोण, ते नावानिशी बघ. ज्या संकेतस्थळावर तारीफ वाचलीस त्याचाही मालक बघ. केप टेक्नॉलॉजीजकडे सायबरघोस्ट, पीआयए, एक्स्प्रेसव्हीपीएन आहेत आणि व्हीपीएनची परीक्षणं छापणारं व्हीपीएनमेंटॉरही तिनेच घेतलं. प्रोटोकॉल स्वतःचा गुपित असेल तर नको. उलट वायरगार्ड हा प्रोटोकॉल सुमारे ४ हजार ओळींचा, उघडा, २०२० पासून लिनक्स कर्नेलमध्ये असलेला. ॲपचा कोड खुला आहे का? ऑडिट कुणी केलं, कधी, आणि सर्व्हर तपासले की नुसतं ॲप? अँड्रॉइडमध्ये ‘ऑलवेज-ऑन’ आणि व्हीपीएनविना जोडणी रोखणारा पर्याय, दोन्ही चालू करून चालतं का ते बघ.

*

अमीरपेटच्या मैत्रीवनममध्ये नेटवर्किंग शिकणारी मुलं विचारतात, भाड्याचा सर्व्हर घेऊन स्वतःच वायरगार्ड का लावू नये? लावावं, शिकण्यासाठी उत्तम. मात्र तो पत्ता एकट्या तुमचाच राहतो, गर्दीत मिसळणं होत नाही; आणि सर्ट-इनचा नियम भाड्याचे सर्व्हर देणाऱ्यांनाही लागू आहे.

*

एकदा तपासून भागत नाही. फ्रीव्हीपीएन.वन या क्रोम विस्ताराला गूगलची ‘फीचर्ड’ खूण होती, १ लाखावर लोक तो वापरत. ऑगस्ट २०२५ मध्ये उघड झालं की नव्या आवृत्त्यांपासून तो उघडलेल्या पानांची चित्रं गुपचूप बाहेर पाठवत होता.

*

शेवटी पणाला काय लागलंय त्यावर ठरवावं. खबऱ्याचं नाव जपणारा वार्ताहर, अशिलाची कागदपत्रं नेणारा वकील, मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणारी बाई: यांनी नव्या सेवेचं पहिलं गिऱ्हाईक होऊ नये. पीजीच्या वाय-फायसाठी मात्र नव्यांनाही संधी मिळायला हवी, नाहीतर सगळा बाजार दोन-तीन मोठ्या मालकांकडे जाईल. आधी तीन प्रश्न लिहून पाठवावेत: मालक कोण, सर्व्हर कुठे, सरकारी नोटीस आली तर तुमच्याकडे द्यायला काय असेल? उत्तर नावानिशी आणि तपशिलासह आलं, तर एका महिन्याचे पैसे भरावेत. दोन वर्षांचे नकोत.