अब्बांचे घोरणे

मालेगावच्या माणसाला मागांच्या खडखडाटात झोप लागते. वीज जाऊन माग थांबले की जाग येते. आमच्या घरातही रात्री एक माग चाले, तो म्हणजे अब्बांचे घोरणे. ते मध्येच थांबे आणि आम्ही भावंडे जागी होत असू. मग अब्बा गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेत आणि खडखडाट पुन्हा सुरू होई. आम्ही गोधडीत तोंड खुपसून हसायचो.

दिवसा मागावर अब्बांना डुलकी लागे. धागा तुटलेला कळत नसे, कापड बिघडे, मजुरी कापली जाई. जुम्म्याच्या खुतब्यातही डोळा लागे. "सुस्ती है, और क्या!" अम्मी म्हणे. रात्री मात्र ते चार-चार वेळा लघवीला उठत आणि फजरच्या अजानीआधीच जागे असत. आम्हाला ती परहेजगारी वाटे.

पुढे आम्ही दोघे भाऊ बी.एड. होऊन उर्दू शाळेत लागलो. श्वसनसंस्थेचा धडा शिकवला, ग्रंथींचाही शिकवला. दोहोंचा संबंध आमच्याच घरात होता, तो दिसला नाही. अब्बांना साखर निघाली, ब्लडप्रेशर निघाले. गोळ्या सुरू झाल्या, तरी रात्रीचे उठणे थांबेना. अखेर एका डॉक्टरांनी विचारले, "घोरतात का?" तोवर हे कोणीच विचारले नव्हते.

रात्रभराची तपासणी झाली. तासाला ४१ वेळा श्वास अडत होता. ३० च्या वर गेला की आजार तीव्र समजतात. स्लीप ॲप्निया हे नाव आम्ही तेव्हा ऐकले. डॉक्टरांनी समजावले. झोपेत घसा मिटतो, छाती हवेसाठी ओढ घेते आणि त्या ओढीने हृदय ताणले जाते. अंगात पाणी जास्त झाले असे समजून हृदय एक हार्मोन सोडते. त्याने लघवी वाढते. ऑक्सिजन घटला की मेंदू माणसाला दचकवून जागवतो. त्या वेळी ॲड्रेनॅलिन उसळते, रक्तदाब चढतो. इन्सुलिन असूनही त्याचा असर कमी होतो, म्हणून साखर वाढते. वाढीचे हार्मोन गाढ झोपेत पाझरते, पुरुषी हार्मोनही झोपेतच वाढते. झोपच तुटली तर तेही घटतात. अब्बांची सुस्ती तिथून आली होती.

नाकावाटे दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र आम्ही हप्त्यांवर घेतले. ही पद्धत सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे मांडली. पहिल्या रात्री घर इतके शांत झाले की आम्हालाच झोप येईना. अब्बांचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला अम्मी दोनदा उठली.

साखरेच्या गोळ्या सुटल्या नाहीत. लघवीला उठणे मात्र एकदावर आले. फजरला आता अब्बांना हाक मारावी लागते. पण कापली गेलेली मजुरी आणि आमचे ते हसणे, दोन्ही परत घेता येत नाहीत.

पालकसभेत आम्ही विचारतो, "घरी कोण घोरते?" सभा हसते. हसणे थांबले की आम्ही दुसरा प्रश्न विचारतो, "घोरता घोरता श्वास थांबतो का?"