रेघ आणि सारवण

दोन हिवाळ्यांपूर्वी, फेब्रुवारीत, माझं डाव्या बाजूचं कॉलरबोन मोडलं. कसं मोडलं हे ऑफिसात सांगताना "बर्फावर पडलो" एवढंच सांगितलं. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. एका फोटोपायी मोडलं. बरं, तिथे फोटो काढणारं कुणी नव्हतंच. फोटो माझ्या डोक्यात होता.

सुरुवातीपासून सांगतो. मी साताऱ्याचा. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो. मग नोकरीने मिनियापोलिसला आणून टाकलं. इथे नोव्हेंबर ते मार्च घराबाहेर करण्यासारख्या दोनच गोष्टी असतात: दारातला बर्फ उपसणं आणि टेकडीवरच्या बर्फावरून घसरणं. पहिली सक्तीची असल्यामुळे दुसरी शिकलो.

स्नोबोर्ड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ढगळ पँट घातलेला, मऊ बूट घालून आडवा उभा राहिलेला पोरगा येत असेल. माझं प्रकरण वेगळं आहे. माझे बूट कडक प्लास्टिकचे, स्कीच्या बुटांसारखे. बोर्ड लांब आणि अरुंद. दोन्ही पायांची बोटं जवळजवळ पुढच्या दिशेला. लिफ्टच्या रांगेत दर शनिवारी कुणीतरी विचारतंच, "दुसरी स्की हरवली का?" हसून मान डोलवायची, झालं.

हे वेड माझ्या एकट्याचं नाही बरं का. 1998 साली नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंग पहिल्यांदा आलं, तेव्हापासून जायंट स्लॅलमच्या शर्यतीचे स्नोबोर्डर असेच बूट घालतात. चेक प्रजासत्ताकाची एस्टर लेडेत्स्का आठवते? 2018 साली प्योंगचांगला तिने एकाच ऑलिम्पिकमध्ये स्कीचं (सुपर-जी) आणि स्नोबोर्डचं (समांतर जायंट स्लॅलम), अशी दोन्ही सुवर्णपदकं घेतली. ती स्नोबोर्डवर असते ती कडक बुटांतच. पण शर्यतीबाहेर हा प्रकार नव्वदच्या दशकानंतर मागे पडला. उड्या मारणाऱ्यांनी बाजार जिंकला. आता स्वित्झर्लंडचा केसलर किंवा कोलोरॅडोचा डोनेक यांच्यासारखे छोटे कारखानदार असले बोर्ड करतात, आणि आमच्यासारखे लोक ते एकमेकांकडून सेकंडहँड घेतात.

एवढी खटपट कशासाठी? कार्व्हिंगसाठी. साधा बोर्डवाला वळताना बोर्ड आडवा करून बर्फ खरवडतो. मागे रुंद फराटा राहतो. मी त्याला सारवण म्हणतो. कार्व्हिंगमध्ये बोर्ड कडेवर उभा राहतो आणि ती कड स्वतःच्याच वाटेने जाते. मागे राहते ती फक्त एक रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी.

बोर्डाच्या दोन्ही कडा कमरेत आत घेतलेल्या असतात. ती कमान एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. माझ्या बोर्डाच्या वर्तुळाची त्रिज्या 12 मीटर. बोर्ड जितका जास्त कलवाल तितकं वळण लहान होतं. ढोबळ गणित असं की त्रिज्येला कलण्याच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. 60 अंश कलवलात तर 12 चे 6 मीटर. बारावीनंतर त्रिकोणमिती माझ्या उपयोगी पडली ती ही अशी.

आणि आम्हा इंजिनीअर लोकांना सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सेटिंग. बाइंडिंगचे कोन किती? बोर्ड 18 सें.मी. रुंद असेल तर साधारण 65 अंश, 22 असेल तर 50-55. पाऊल किती मोठं त्यावर थोडं मागेपुढे. नियम एकच, बुटाचा कुठलाही भाग बोर्डाच्या बाहेर डोकावता कामा नये. डोकावला तर वळणात तो बर्फाला टेकतो, कड उचलली जाते आणि तुम्ही आडवे. पुढच्या पायाच्या बोटांखाली आणि मागच्या पायाच्या टाचेखाली 3 अंशांची पाचर, म्हणजे गुडघ्यांना त्रास होत नाही. बूट पुढे किती झुकलेला ठेवायचा त्याचा वेगळा खटका. कडेला कानस मारून 89 अंश करायचे की 88, यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे. गराजमध्ये. उणे पंधरात.

तर तो फोटो. इंटरनेटवर स्वित्झर्लंडमधल्या लोकांचे फोटो असतात. बोर्ड कडेवर उभा, माणूस बर्फाला समांतर आणि हात, कधीकधी अख्खी बाजू, बर्फावर टेकलेली. मला तसं व्हायचं होतं. त्या शनिवारी टाचेकडच्या वळणावर मी डावा खांदा खाली टाकला आणि हाताने बर्फ शोधायला गेलो. बर्फ सापडला. फक्त हाताला नाही, खांद्यालाच. कड सुटली, बोर्ड सरकला, मग अचानक पुन्हा रुतला आणि त्याने मला फेकलं.

पुढचे दोन महिने मी एका हाताने कोड लिहिला. लेकीला शाळेत सोडणं, किराणा, बर्फ उपसणं सगळं बायकोवर. ती एक अक्षर बोलली नाही आणि तेच जास्त लागलं. आई मात्र साताऱ्याहून फोनवर भरपूर बोलली. "ती फळी आधी बंबात घाल." इथे बंब नाही म्हणून फळी वाचली.

पुढचा डिसेंबर आला तशी मी गराजमध्ये जरा जास्तच वेळ घालवायला लागलो. बायकोने ओळखलं. म्हणाली, "जा. पण तू का पडलास ते तुला कळलंय का, एवढं सांग. कळलं नसेल तर पुन्हा पडशील." मी म्हटलं, "कळलंय ना. कोन चुकला होता." तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती टेस्टिंगमध्ये आहे.

झालं, मी कोन बदलले. 60 चे 65 केले. पाचर बदलली. पाय दोन सें.मी. जवळ घेतले. बुटाचा झुकाव बदलला. दर शनिवारी बक हिलला जायचं, स्क्रूड्रायव्हर खिशात. ही टेकडी जेमतेम 300 फुटांची, हायवेच्या कडेला. पण लिंडसे व्हॉन लहानपणी इथेच तयार झाली, त्यामुळे टेकडीला नावं ठेवायची सोय नाही. चवड्याकडची वळणं चांगली जात होती. टाचेकडे वळलो की बोर्ड थरथरायचा आणि सुटायचा. मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर काढायचो.

जानेवारीत एका सकाळी लिफ्टवर शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. सत्तरीचे तरी असतील. पायात माझ्यासारखेच बूट, माझ्यापेक्षा जुने. त्यांनी माझा स्क्रूड्रायव्हर पाहिला आणि विचारलं, "आज किती वेळा बदललंस?" म्हटलं, तीनदा. त्यांनी खाली बोट दाखवलं. "ती तुझी रेघ ना? बघ."

सकाळी लवकर, मशीनने विंचरलेल्या बर्फावर, माझ्याआधी फार कुणी गेलं नव्हतं. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. उजवीकडे रेघ, डावीकडे सारवण. रेघ, सारवण. रेघ, सारवण. सगळ्या टेकडीभर. मी इतके दिवस त्याच लिफ्टमधून वर जात होतो, पण मोबाइलवर कोनांचे तक्ते बघत. लॉग समोर पडलेला होता आणि मी कॉन्फिग बदलत बसलो होतो.

ते म्हणाले, "तू हाताने बर्फ शोधतोस. खांदा आत पडला की वजन कडेवरून हातावर जातं. मग कड कशाच्या जोरावर धरेल? हात टेकतो तेव्हा टेकतो, टेकवायचा नसतो." मग एक युक्ती सांगितली. टाचेकडच्या वळणात मागचा हात पुढच्या बुटाच्या बाहेरच्या कडेकडे न्यायचा. बास. त्याने खांदे उताराला समांतर राहतात, कंबर पुढे वळते आणि वजन कडेवर येतं. "आणि ते कोन आधी होते तसे कर," असं म्हणून ते उतरले आणि गेले. त्यांची रेघ मी नंतर वरून पाहिली. दोन्ही बाजूंना सारखी.

मी 60 वर परत आलो. आता सांगतो ते मला लिहायला सोपं नाही. युक्ती साधी होती, पण पहिल्या चार फेऱ्यांत माझा हात बुटाकडे गेलाच नाही. डोकं सांगत होतं आणि हात डावीकडे बर्फाकडेच जात होता. तेव्हा कळलं की आता हा हात फोटोसाठी जात नाहीये. तो पडायच्या तयारीत आहे. हाड जुळलं होतं, पण खांदा ती सकाळ विसरला नव्हता. कोन बदलत राहिलो कारण कोन बदलताना भीती वाटत नाही. "कोन चुकला होता" हे उत्तर मी बायकोला दिलं, तेही त्याचसाठी.

पाचव्या फेरीला सर्वात सोप्या उतारावर गेलो, जिथे पाचवीतली पोरं शिकतात. वर मागे वळून नीट पाहिलं, कारण कार्व्ह करणारा अख्खा उतार आडवा कापतो आणि मागून येणाऱ्याला ते अपेक्षित नसतं. मग हळू सुटलो. हात बुटाकडे नेला. बोर्डाने धरलं. थरथर नाही, खरखर नाही, आवाजच बंद. वळण पूर्ण होऊन बोर्ड किंचित चढाकडे गेला आणि वेग आपोआप कमी झाला. कार्व्हिंगमध्ये ब्रेक असा लागतो: वळण अर्ध्यात न सोडता पूर्ण करायचं. लिफ्टमधून वर जाताना खाली पाहिलं. डावीकडे एक रेघ होती. एकच. बाकी तीन सारवणं.

घरी आलो. बायको ओट्याशी होती. म्हटलं, "कोन नव्हता चुकला." ती म्हणाली, "मग?" मी सगळं सांगितलं, फोटोपासून. फोटोचं तिला पहिल्यांदाच कळलं. दोन मिनिटं ती काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मला इतकी भीती वाटली नसती." वर्षभर तीही घाबरलेली होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आपलं तिच्या गप्प बसण्याला राग समजत होतो.

तेवढ्यात लेक आली. तिला ते स्वित्झर्लंडचे फोटो फार आवडतात. "बाबा, हात टेकला का?"

"नाही गं."

"मग काय केलंस दिवसभर?"

एक रेघ काढली म्हटलं. तिला ते काही पटलं नाही. असो. पुढच्या शनिवारी तिला लिफ्टवर घेऊन जाणार आहे, वरून दाखवायला. स्क्रूड्रायव्हर गराजमध्येच ठेवलाय.