जुन्या स्फटिकाची पारख

भोकरदन तालुक्यांतील आमच्या पिंपळगांव रेणुकाईच्या मिरचीबाजारांत गिऱ्हाईक ढिगांतील मिरची उचलून मोडून पाहतें आणि मगच भाव बोलतें. पण ज्या वस्तूची परीक्षा तिच्याहून सरस साधनावांचून होत नाहीं, ती दूरच्या विक्रेत्याकडून नुसतें चित्र पाहून कशी घ्यावी? आमच्या पुतण्याच्या हौशी रेडिओकेंद्रामुळें हा प्रश्न घरांत उभा राहिला.

त्याला सेकंदाला बरोबर १ कोटी आंदोलनें देणारा ऑसिलेटर हवा होता. नव्याची किंमत आवाक्याबाहेर. परंतु मोबाईलच्या मनोऱ्यांवरील सामग्री बदलली म्हणजे तींतील ऑसिलेटर काढून ऑनलाइन विक्रेते ते स्वस्तांत विकतात.

“एवढी अचूकता कशाला रे?” आम्हीं विचारलें.

“काका, दहा लाखांत एक एवढी चूक राहिली, तरी १४४ मेगाहर्ट्झवर ती १४४ हर्ट्झची होते!”

या ऑसिलेटरांत क्वार्ट्झचा स्फटिक लहानशा विजेच्या भट्टींत, बहुधा ७५-८० अंशांच्या आसपास, ठेवलेला असतो. मराठवाड्याचा वैशाख ४२ अंशांवर गेला, तरी भट्टी त्याहून उष्ण असल्यामुळें स्फटिकास त्याची झळ लागत नाहीं. नवा स्फटिक भराभर सरकतो. वर्षानुवर्षें अखंड चालला म्हणजे स्थिरावतो. तेव्हां त्याचें जुनेंपण हा दोष नव्हे. रुबिडियमच्या ऑसिलेटराचें मात्र उलट. त्यांतील दिवा जळून जळून क्षीण होतो. पण मनोऱ्यावरून उपटलेला, वीज तुटलेला स्फटिकही पुन्हां स्थिरावण्यास कांहीं दिवस, कधीं कांहीं आठवडे अखंड वीज मागतो. गांवांत वीज जाते, म्हणून आम्हीं बॅटरी जोडली.

पुतण्यानें शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून दोन ऑसिलेटर मागविले. दोहोंवर ‘तपासलेला’ अशी ग्वाही होती. त्यांत खरा कोणता, हें ठरविण्यास जीपीएस उपग्रहांच्या आधारें दर सेकंदास ठोका देणारें यंत्र आम्हीं वापरलें. १,००० सेकंदांत १,००० कोटी आंदोलनें मोजलीं जावींत. महिन्याभरानें एकांत ४ आंदोलनांचा फरक आला. दुसऱ्यांत ३०० चा, आणि तो रोज वाढत होता. विक्रेत्यास कळविलें, तों परत घेण्याची सात दिवसांची मुदत केव्हांच संपली होती. विक्रेत्याच्या कोशांत ‘तपासलेला’ म्हणजे वीज देतांच चालू झालेला, एवढाच अर्थ होता!

ही अडचण केवळ घरगुती नाहीं. भारतानें २०१३ साली सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहावरील परदेशांतून घेतलेलीं तिन्ही रुबिडियम घड्याळें बंद पडलीं. अंतराळांतील वस्तु परत तरी कोण घेणार? २०२३ साली सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर स्वदेशीं घडविलेलें रुबिडियम घड्याळ बसविलें गेलें.

सर्वांनाच घरीं घड्याळ घडवितां येणार नाहीं. विकत घ्यावेंच लागेल. तेव्हां ज्यांच्या घरीं असा हौशी मुलगा वा मुलगी असेल, त्यांनीं किंमतीआधीं परतीची मुदत विचारावी. स्फटिक स्थिरावण्यास लागणाऱ्या काळाहून ती कमी असेल, तर पैसे गेले तरी चालतील इतकेच द्यावे. आमच्या पुतण्यानें तिसरा ऑसिलेटर मागविला आहे. या खेपेस मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे.