बॅटरी मोठी, वायर जाड

आमच्या मेहकरला संध्याकाळी वीज गेली की दहावीच्या मुलांचा अभ्यास अडतो. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांनी अभ्यासिकेसाठी सौरदिव्यांचा प्रकल्प हाती घेतला.

बॅटरी केवढी घ्यावी, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी हिशेबच मांडला. ९ वॅटचे ४ दिवे आणि २४ वॅटचा पंखा मिळून ६० वॅट. रोज ४ तास म्हणजे २४० वॅट-तास. १२ व्होल्टने भागले की २० अँपिअर-तास. पण शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त वीज रोज काढली तर ती लवकर खराब होते, म्हणून ४०. पावसाळ्यात एखादा दिवस ऊन पडले नाही तरी भागावे, म्हणून ८०. ती भरायला पॅनेल १०० वॅटचे.

मग प्रश्न वायरिंगचा. घरच्या २३० व्होल्टवर ६० वॅटला जेमतेम पाव अँपिअर लागतो, १२ व्होल्टवर ५ अँपिअर. बारीक वायर तापते, दिवे मंद जळतात. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून पुष्कळांना भीती वाटत नाही. पण बॅटरीची दोन टोके चुकून जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि आग लागू शकते. त्यासाठी धन टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज हवा. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून बॅटरी हवेशीर जागी हवी.

वर्गणीत सगळे बसेना. तेव्हा आम्ही पंखा पुढच्या वर्षावर ढकलला आणि ते पैसे जाड वायर व फ्यूजला दिले. उकाडा सोसता येतो. लहान मुले बसतात तिथे आगीचा धोका ठेवून चालत नाही.