हाली की कलदार?

आमच्या वडिलांना एक सवय होती. कुणी कसलीही किंमत सांगितली, की ते आधी विचारीत, "हाली की कलदार?" मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना हे शब्द कदाचित ठाऊक नसतील. निजामाच्या राज्यात चालणारा रुपया तो हाली शिक्का आणि इंग्रज सरकारचा तो कलदार. सहा कलदारांना सात हाली, असा हिशेब. लातूरचा माणूस माल आणायला बार्शीला गेला, की तिथे भाव कलदारात. परत येताना सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानची जकात. एवढे सगळे धरून वस्तू घरात केवढ्याला पडली, हे सांगता येईल तोच खरा व्यापारी, असे वडिलांचे मत. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान गेले, पुढे हालीही गेला. पण वडिलांचा प्रश्न काही गेला नाही. भाजीवालीलासुद्धा ते गमतीने विचारायचे आणि तीही बिचारी "कलदार, कलदार" म्हणून हसायची.

मी स्वतः एस.टी.च्या हिशेब खात्यात 31 वर्षे काढली. त्यामुळे आकडा दिसला की त्याच्या पोटात काय काय आहे, हे चाचपून पाहण्याची खोड मलाही आहे. एस.टी.च्या तिकिटाच्या पोटातही बरेच काही असते. प्रवासी कर असतो. 2016 साली अपघात सहायता निधीचा 1 रुपया आला. पण कंडक्टर उतारूला एकच आकडा सांगतो, तेवढाच घेतो आणि तेवढ्यात नांदेडचा माणूस लातूरला पोचतो. अहमदपूरला गाडी थांबवून "आता खिडकीचे वीस रुपये काढा" असे कोणी म्हणत नाही. म्हटले असते, तर कंडक्टर सुखरूप डेपोत आला नसता!

आता मात्र खोलीचे आणि तिकिटाचे भाव मोबाइलवर कळतात आणि त्या भावाचा पहिला आकडा हा नुसता नमस्कार असतो. खरा आकडा शेवटच्या पानावर. मधल्या पानांवर कर, सुविधा शुल्क, विमा, आसन-निवड अशी मंडळी एकेक करून पंगतीत बसत जातात. माणूस नाव, वय, फोन नंबर सगळे भरून बसलेला असतो. एवढे केल्यावर उठून जाणे जिवावर येते. हे ज्यांनी रचले त्यांना माणसाचा आळस आणि भिडस्तपणा दोन्ही उत्तम कळतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गेल्या 4 मे रोजी, म्हणजे 2025 सालच्या, डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा होती. माझ्या भाचीच्या मुलीचे केंद्र लातूरला आले. भाची लोह्याजवळच्या एका खेड्यात असते. जावईबापूंची चार एकर कोरडवाहू जमीन. पोर हुशार. तिनेच मोबाइलवर आदल्या रात्रीसाठी खोली घेतली: 'चार जणांचे कुटुंब, 1,199 रुपये.' मी नांदेडहून बसलो, ही तिघे लोह्याला चढली. मायलेकींना 2023 पासूनचे निम्मे तिकीट, मलाही म्हातारपणाचे निम्मे. पूर्ण तिकीट काय ते एकट्या जावईबापूंचे. त्यावरून गाडीत थोडी थट्टाही झाली.

शेवटच्या पानावर 1,199 चे 1,461 झाले होते. 144 कराचे, ते सरकारचे, त्यावर माझी तक्रार नाही. (खोलीवर त्या वेळी 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला.) 79 सुविधा शुल्क, 29 विम्याचे, 10 कसल्याशा दानाचे. शेवटच्या दोन्हींपुढे बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. पोरीने पैसे भरून टाकले होते.

लातूरला लॉजवर पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. गल्ल्यावरच्या तरुणाने आम्हा चौघांकडे पाहिले आणि मोठ्या अदबीने सांगितले, "काका, या दरात दोनच माणसं. वरच्या माणसाला चारशे. आणि गार हवेचं यंत्र लावायचं असेल तर अडीचशे." मी मोबाइलवरचे 'चार जण' दाखवले. तो म्हणाला, "ते कंपनीचं आहे. आम्हाला कंपनी दोघांचेच देते." कंपनीला फोन लावला, तर गाणे वाजत राहिले. म्हणजे 1,199 ची खोली 2,511 ला पडत होती. दुसरीकडे जावे, तर परीक्षेच्या आदल्या रात्री लातूरला खोली मिळणे म्हणजे आषाढीला पंढरपुरात जागा मिळण्यासारखे.

जावईबापू एकही शब्द चढ्या आवाजात बोलले नाहीत. कागदावरचा तो हिशेब त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मामा, ही तर अडत्याची पट्टीच झाली की." ज्यांनी लातूरच्या मोंढ्यात माल घातला आहे त्यांनाच या वाक्याची खोच कळेल. मागच्या पिढीच्या शेतकऱ्याने तुरीचा भाव ऐकून खुशीत मान हलवावी आणि हातात पट्टी आली, की तिच्यात हमाली, तोलाई, धर्मादाय वजा झालेले पाहावे. तिथे निदान वजा होत असे, इथे अधिक होते, एवढाच फरक.

मी पैसे पुढे केले. जावईबापूंनी ते घेतले नाहीत. "पोरीच्या परीक्षेला आलोय मामा, तेवढं माझ्याकडून होऊ द्या." या वाक्यापुढे मामाने काय बोलावे? मायलेकी खोलीत राहिल्या आणि आम्ही दोघांनी रात्र बसस्थानकावर काढली. माझी तक्रार नाही. बसस्थानकाच्या बाकावर मला घरच्यापेक्षा बरी झोप लागते. ती आमच्या नोकरीचीच देणगी. पण जावईबापू जागे होते. पहाटे चहा घेताना ते सांगू लागले, की पोर रात्री आईपाशी रडली. "मी नीट वाचलं नाही, माझ्यामुळे बाबा आणि आजोबा बाहेर झोपले," म्हणाली.

मला राग आला तो इथे. चारशे रुपये गेले असते तर गेले असते. पण जिने कुणाला फसवले नाही ती पोर स्वतःला दोष देत होती आणि ज्यांनी आकडे लपवले ते निर्धास्त होते. छुप्या आकारणीचे सगळे यश यातच आहे. लुटल्याची बोंब ठोकता येते. आपण बावळट ठरलो, हे कोण गावभर सांगत सुटेल? म्हणून सुशिक्षित माणूसही गप्प बसतो आणि पुढच्या खेपेला निमूटपणे तेवढे जास्त पैसे जवळ ठेवतो.

पैसे जास्त मागण्याला माझा विरोध नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी येत होते. त्या दिवसांत मी ज्या लॉजवर उतरलो होतो, तिथे दारातच खडूने लिहिले होते, की माणशी एक बादली, दुसरीचे पैसे पडतील. एकही गिऱ्हाईक भांडताना मी पाहिले नाही. आमच्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवणाऱ्याला कोणी गाव विचारीत नाही आणि पैसाही मागत नाही. पण लॉजवाल्याने लंगर घालावा, असे काही माझे म्हणणे नाही. त्यालाही वीजबिल आहे, नोकर आहेत, त्या कंपनीचे कमिशन आहे. त्याने सरळ 2,500 सांगावेत. परवडले तर राहू, नाही तर रामराम.

सरकारी खातीही या कलेत अगदीच अडाणी नाहीत. रेल्वेचे तिकीट घरबसल्या काढले, तर सुविधा शुल्क पडते. नोटाबंदीच्या वेळी 2016 साली ते माफ झाले, तेव्हा आम्हाला वाटले, गेले. 1 सप्टेंबर 2019 पासून ते परत आले; यूपीआयने पैसे दिले, तर साध्या डब्याला 10 आणि वातानुकूलित डब्याला 20 रुपये, इतर मार्गांनी 15 आणि 30, वर कर. आणि गाडी 'सुपरफास्ट' म्हणून जो अधिभार लागतो, त्याबद्दल महालेखापरीक्षकांनी 2017 च्या अहवालात आमच्याच दक्षिण मध्य रेल्वेचे आणि उत्तर मध्य रेल्वेचे नाव घेऊन लिहिले होते, की काही गाड्या ताशी 55 किलोमीटरची सरासरी गाठत नसतानाही तो घेतला गेला. गाडी हळू, अधिभार जलद!

दिवाळीत पुण्याहून नांदेड-लातूरला परतणाऱ्या पोरांची कहाणी तर प्रत्येक घरात आहे. खाजगी बसचे भाडे त्याच प्रकारच्या एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त असू नये, असा राज्य सरकारचा 27 एप्रिल 2018 चा निर्णय आहे. वाचकांनी तो या दिवाळीत एखाद्या बुकिंगवाल्याला वाचून दाखवावा आणि त्याच्या चेहऱ्याचे निरीक्षण करावे.

परत आल्यावर मी कायदे चाळले. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा 13 फसव्या युक्त्यांची यादीच जाहीर केली आहे. भाव थेंबाथेंबाने सांगणे हा त्यातला एक प्रकार. न मागितलेले दान किंवा विमा टोपलीत टाकणे हा दुसरा. हॉटेलच्या बिलात आपोआप लागणाऱ्या सेवा शुल्कावर याच प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी बंदी घातली. हॉटेलवाले कोर्टात गेले, स्थगिती मिळाली आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. अमेरिकेतही खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' नावाचे शेपूट असते. तिथे 12 मे 2025 पासून पहिल्यांदाच पूर्ण भाडे दाखवण्याचा नियम लागू झाला. म्हणजे ज्या आठवड्यात आम्ही लातूरहून हात हलवीत परतलो, त्याच्या पुढच्याच आठवड्यात. आपण एकटेच बावळट नव्हतो, एवढे तरी समाधान.

मी 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. घरून विरोध झाला. "एवढ्याशा पैशासाठी कशाला?" हा आमच्या घरातला जुना ठराव आहे. तीन आठवड्यांनी कंपनीने विम्याचे आणि दानाचे मिळून 39 रुपये परत केले. सुविधा शुल्क मिळाले नाही. 'चार जण' या शब्दांचा खुलासाही मिळाला नाही. तो मागणारे दुसरे पत्र मी पाठवले आहे आणि त्यासोबत पोरीने जपून ठेवलेला त्या पानाचा फोटो जोडला आहे.

ते 39 रुपये तिच्याच खात्यात आले. तिने लगेच फोन केला, "आजोबा, आले!" आवाजात परीक्षेचा पेपर सोपा गेल्याचा आनंद होता. मागून जावईबापूंचा आवाज आला, "मामांना विचार, उरलेले कधी येणार?"