लांब दांड्याची करवत
आपल्याकडे फांदी वाढली की कोयता घेऊन सरसर वर चढणारा माणूस मिळतो. इथे अमेरिकेत त्या कामाची मजुरी ऐकली की आपणच लांब दांड्याची करवत आणायला निघतो.

दुकानात दांडे दोन प्रकारचे: अ‍ॅल्युमिनियमचा हलका, फायबरग्लासचा जड. उचलून पाहिलं तर हलकाच आवडतो. पण आमच्या मेपलशेजारून विजेची तार जाते आणि अ‍ॅल्युमिनियममधून वीज सहज वाहते. मी जड घेतला. ओला किंवा मळका झाला तर त्याचाही भरवसा नाही, म्हणून तारेपासून किमान १० फूट लांब राहायचं. त्याहून जवळच्या फांदीसाठी सरळ वीज कंपनीला फोन.

हात दुखतात हो, पण दुखायला शिल्लक राहतात!